रक्ताच्या पिशवीवरील दोन तारखा

रक्तपेढीतून रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक पिशवीवर दोन तारखा असतात. एक रक्त काढल्याची, दुसरी ते बाद होण्याची. नातेवाइकांचे लक्ष रक्तगटाकडे असते, परिचारिकेचे पिशवीच्या क्रमांकाकडे आणि हिशेबनिसाचे प्रक्रिया शुल्काकडे. या दोन तारखांच्या मधल्या काळात पिशवीत काय घडत असते, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. झालीच तर ती एकाच स्वरूपाची असते : रक्त ताजे आहे ना? दूध, भाजी आणि मासळी यांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडलेला हा प्रश्न रक्तालाही लावला जावा, हे स्वाभाविकच आहे. तो अगदीच गैरलागू आहे, असेही नव्हे. परंतु बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तो निरर्थक ठरतो, आणि ज्या थोड्यांच्या बाबतीत तो जीवनमरणाचा असतो त्यांच्या वतीने तो विचारणारे बहुधा कोणी नसते. रक्ताच्या वाटपाचा हा पेच वैद्यकाइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

या पेचाच्या मुळाशी पोटॅशियम नावाचे एक साधे मूलद्रव्य आहे. शेतकरी ज्याला खताच्या पोत्यावर ‘पालाश’ म्हणून ओळखतो, तेच हे. मानवी शरीरातील पोटॅशियमपैकी शेकडा ९८ च्या आसपास भाग पेशींच्या आत असतो. पेशींबाहेरील द्रवात त्याचे प्रमाण लिटरमागे साडेतीन ते पाच मिलीमोल एवढ्या अरुंद पट्ट्यात राखले जाते. रक्तातील तांबड्या पेशीच्या आत मात्र ते शंभराच्या घरात असते. हा फरक फुकटात टिकत नाही. पेशीच्या आवरणावरील एक सूक्ष्म पंप ऊर्जा खर्चून अहोरात्र सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलीत असतो. रक्तपेढीच्या शीतकपाटात, दोन ते सहा अंश सेल्सियस तापमानात, पेशींचे आयुष्य वाढावे म्हणून त्यांचे सारे व्यवहार मंद केले जातात. त्याबरोबर हा पंपही जवळजवळ थांबतो. गळती मात्र थांबत नाही. परिणामी पेशींभोवतीच्या द्रवातील पोटॅशियम दिवसागणिक वाढत जाते आणि वापरलेल्या परिरक्षक द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवसांची मुदत संपत येते तेव्हा ते लिटरमागे ५० मिलीमोलच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे गेलेले असते. म्हणजे निरोगी माणसाच्या रक्तद्रवाच्या दसपटीहून अधिक.

हे ज्ञान काही अलीकडचे नाही. शिकागोच्या कुक कौंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी १९३७ साली रक्ताचा साठा करण्याची व्यवस्था उभारली आणि तिला ‘बँक’ हे नाव दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, न्यूयॉर्क येथे जॉन स्कडर, चार्ल्स ड्र्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी साठविलेल्या रक्तात पेशींतून पोटॅशियम कसे झिरपते, यावर निबंध प्रसिद्ध केला. बँकेतील ठेव व्याजाने वाढते. या बँकेतील ठेव झिजते, हे बँकेच्या जन्माबरोबरच कळून चुकले होते. प्रश्न एवढाच होता, आणि आजही आहे, की या झिजेची किंमत नेमकी कोण मोजतो?

आकडा आणि धोका

पन्नास हा आकडा ऐकून घाबरून जाण्यापूर्वी एक हिशेब करावा लागतो. दाट तांबड्या पेशींच्या एका पिशवीत सुमारे ३०० मिलिलिटर ऐवज असतो. त्यात पेशी सोडून उरणारा द्रव सव्वाशे-दीडशे मिलिलिटरच्या वर जात नाही. तेव्हा जुन्यातील जुन्या पिशवीतूनही रुग्णाच्या अंगात जाणारे मोकळे पोटॅशियम पाच-सात मिलीमोलच्या आसपास भरते. एका भरल्या शहाळ्याच्या पाण्यात याहून अधिक पोटॅशियम असते. चार तासांत सावकाश दिलेली एखादी पिशवी ज्याचे मूत्रपिंड शाबूत आहे अशा माणसाला या बाबतीत काही अपाय करीत नाही. शिवाय उबदार शरीरात शिरल्यावर त्या पेशींचा थकलेला पंप पुन्हा चालू होतो, आणि गमावलेले पोटॅशियम त्या हळूहळू परत ओढून घेऊ लागतात.

प्रमाण आणि मात्रा यांतील हा फरक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दर आणि रक्कम यांच्यातील फरकाप्रमाणे समजावून द्यावा लागतो, आणि वर्तमानपत्री मथळ्यांतून तो बहुधा हरवतो.

परंतु अतिदक्षता विभागातील रुग्ण हा ‘सर्वसाधारण माणूस’ नसतो. महामार्गावरील अपघातात सापडलेला तरुण घ्या, किंवा प्रसूतीनंतर रक्तस्राव न थांबणारी बाळंतीण घ्या. तिला एका तासात सात-आठ पिशव्या, त्याही हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून आणि दाब देऊन, चढवाव्या लागतात. रक्तदाब खालावल्यामुळे मूत्रपिंडाचे काम थंडावलेले असते. रक्तात आम्ल साचलेले असते, आणि आम्ल वाढले की स्वतःच्या पेशींतूनही पोटॅशियम बाहेर पडते. त्यातच रक्त गोठू नये म्हणून पिशवीत घातलेले सायट्रेट शरीरातील मुक्त कॅल्शियम बांधून टाकते, आणि कॅल्शियम घटले की वाढलेले पोटॅशियम हृदयाला अधिक जाचते. शहाळ्याचे पाणी आतड्यांतून तासाभराने झिरपते. हे पोटॅशियम काही सेकंदांत हृदयाच्या कप्प्यात पोचते. पातळी साडेसहाच्या वर गेली की हृदयाच्या विद्युत्-आलेखावरील लाटा टोकदार होऊ लागतात. त्यापुढचा मार्ग थोडा असतो.

नवजात अर्भकाची गोष्ट याहूनही नाजूक. तीन किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असते. त्याचे रक्त बदलावयाचे झाल्यास एकच जुनी पिशवी त्याच्या दृष्टीने पूर आणणारी ठरते. म्हणून ब्रिटनमधील प्रमाणित पद्धतीत अशा बाळासाठी पाच दिवसांच्या आतले रक्त वापरावे, असा दंडक आहे. काही रुग्णांसाठी रक्तावर किरणोत्सर्गाचा मारा करावा लागतो. त्याने दात्याच्या पांढऱ्या पेशी निष्प्रभ होतात खऱ्या, पण तांबड्या पेशींची आवरणेही दुबळी होऊन गळती वाढते. अशी पिशवी बाळाला मोठ्या प्रमाणात द्यावयाची असेल तर किरण दिल्यापासून २४ तासांत ती वापरली गेली पाहिजे. मूत्रपिंड निकामी झालेले आणि डायलिसिसवर जगणारे रुग्ण हा तिसरा वर्ग. त्यांना घरी शहाळेही वर्ज्य असते.

या कथेला एक उलटी बाजूही आहे, आणि ती सामान्य वाचकाला चकित करील. रक्त चढविल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, याच रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम उलट खाली घसरलेले आढळू शकते. यकृत सायट्रेटचे रूपांतर बायकार्बोनेटमध्ये करते. त्यामुळे रक्तातील आम्ल कमी होऊन ते अल्कलीच्या बाजूला झुकते आणि पोटॅशियम पेशींच्या आत सरकते. दान मिळालेल्या पेशी आपली तूट भरून काढीत असतात, ती वेगळीच. कमी पोटॅशियमनेही हृदयाचा ठेका बिघडतो. तेव्हा रात्री एक वाजता ‘जास्त’ म्हणून उपचार सुरू झालेला रुग्ण सकाळी ‘कमी’ असू शकतो, आणि ज्याने एकदाच तपासणी करून कागद फाइलला लावून टाकला त्याला हे कळण्याचा मार्ग उरत नाही. वय कोणतेही असो, धोका पिशवीत जितका असतो तितकाच न केलेल्या दुसऱ्या तपासणीत असतो.

ताज्याचा आग्रह

जुने रक्त एकंदरीत घातक असते काय, या प्रश्नावर अलीकडे मोठे आणि खर्चिक प्रयोग झाले. कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स व नेदरलँड्स येथील २,४३० अतिगंभीर रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला सरासरी सहा दिवसांचे आणि दुसऱ्याला सरासरी २२ दिवसांचे रक्त देण्यात आले होते. नव्वद दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ताज्या रक्ताच्या गटात शेकडा ३७.० आणि जुन्याच्या गटात ३५.३ निघाले, म्हणजे ताज्याचा फायदा दिसला नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आदी पाच देशांतील जवळजवळ पाच हजार रुग्णांवरील २०१७ च्या चाचणीतही हेच आढळले : २४.८ विरुद्ध २४.१. भारतासारख्या देशाने सर्वांत लक्षपूर्वक वाचावी अशी चाचणी मात्र युगांडाची राजधानी कंपाला येथील आहे. तेथे तीव्र रक्तक्षयाने आणि रक्तात आम्ल साचल्याने अत्यवस्थ झालेल्या २९० मुलांना एक ते दहा दिवसांचे किंवा २५ ते ३५ दिवसांचे रक्त देण्यात आले. दोन्ही गटांतील मुले सारख्याच गतीने सावरली.

या निष्कर्षांनी रक्तपेढ्यांना हायसे वाटले, ते योग्यच होते. मुदतीच्या आतले कोणतेही रक्त बाद करण्याचे कारण नाही, असा त्यांचा निःसंदिग्ध अर्थ आहे. पण त्यांतून जे सिद्ध झालेले नाही तेही सिद्ध झाल्याप्रमाणे बोलले जाते, तेव्हा सावध व्हावे लागते. या चाचण्यांतील बहुतेक रुग्णांना मोजक्या पिशव्या मिळाल्या, ठराविक गतीने मिळाल्या, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या उशाशी पोटॅशियम मोजणारे यंत्र होते. सरासरी हे मोठे सोयीचे साधन आहे. परंतु ज्या गोष्टीचा फटका शंभरांतील नव्व्याण्णवांना बसत नाही आणि एकाचा प्राण घेतो, ती गोष्ट सरासरीत दिसत नाही. प्रश्न सरासरी रुग्णाचा नसून सीमेवरच्या रुग्णाचा आहे.

सर्वांनाच ताजे रक्त द्यावे, ही सूचना कानाला गोड लागते. तिची किंमत मात्र ठरलेली आहे. रक्त हा नाशवंत माल असून त्याचा पुरवठा कारखान्याप्रमाणे मागणीनुसार वाढविता येत नाही. मुदत ४२ दिवसांवरून १४ दिवसांवर आणली तर बाद होणाऱ्या पिशव्यांची संख्या वाढेल आणि टंचाईच्या आठवड्यात शीतकपाट रिकामे राहील. जुन्या पिशवीने मरणाऱ्यांपेक्षा पिशवीच न मिळाल्याने मरणारे अधिक होतील. आजही जे बाद होते ते थोडे नाही : २०१७ साली उघड झालेल्या माहितीनुसार त्यापूर्वीच्या पाच वर्षांत देशात रक्त व रक्तघटकांच्या २८ लाखांहून अधिक पिशव्या वाया गेल्या होत्या.

आणि ताजेपणाचा आग्रह धरण्याची ताकद समाजात सारखी वाटलेली नसते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये दिलेल्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत बंद झाली. रक्ताला किंमत नाही. आकारावयाचे ते केवळ तपासणी व प्रक्रिया यांचे शुल्क, ही भूमिका केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा बजावली. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२२ साली ठरविलेल्या दरानुसार तांबड्या पेशींच्या पिशवीचे शुल्क शासकीय पेढीत ११०० रुपये आणि खाजगी पेढीत १५५० रुपये होते. तीन दिवसांच्या पिशवीला आणि चाळीस दिवसांच्या पिशवीला एकच दर. हे न्याय्य आहे, कारण वयानुसार दर लावले असते तर सधनांच्या वाट्याला कोवळे रक्त आणि निर्धनांच्या वाट्याला मुदत संपत आलेले, अशी विभागणी झाल्यावाचून राहिली नसती. परंतु जेथे दर बोलत नाही तेथे ओळख बोलते. एखाद्या बड्या रुग्णालयाच्या दूरध्वनीवर ताजी पिशवी बाजूला काढून ठेवली जाते, आणि ती ज्या अर्भकाला लागणार होती त्याला उरलेल्यांतून निवड करावी लागते. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानावरील आपल्या ग्रंथात बाजार आणि दान यांची जी तुलना केली, तिच्यावर केनेथ अॅरो यांनी घेतलेले आक्षेप प्रसिद्ध आहेत. दान एकदा पेढीत जमा झाल्यावर त्याची वाटणी कोणत्या नियमाने व्हावी, हा प्रश्न मात्र त्या वादात मागेच राहिला.

बदली दात्याची पद्धत हा याच प्रश्नाचा घरगुती अवतार. कागदोपत्री कोणतीही धोरणे असोत, नातेवाइकांनी रक्त आणून द्यावे ही अपेक्षा पुष्कळ ठिकाणी अजून सुटलेली नाही. मुलगा सकाळी रक्त देतो, संध्याकाळी वडिलांना तीन आठवड्यांपूर्वीची पिशवी लागते, आणि आपली फसवणूक झाली असे त्या कुटुंबाला वाटते. ती फसवणूक नसते. मुलाचे रक्त एड्स, कावीळ, गरमी व हिवताप यांसाठी तपासले गेल्यावाचून कोणालाच देता येत नाही. दुसरेही एक कारण आहे, आणि ते कुटुंबाला सहसा कोणी समजावून सांगत नाही : जवळच्या नातलगाचे अगदी ताजे रक्त हे अनेकदा परक्याच्या जुन्या रक्ताहून धोक्याचे असते. त्यातील जिवंत पांढऱ्या पेशी, साम्यामुळे रुग्णाच्या शरीराकडून परक्या म्हणून ओळखल्या न गेल्याने, तेथे ठाण मांडून त्याच्याच अवयवांवर हल्ला चढवू शकतात. हा विकार दुर्मीळ असला तरी बहुधा प्राणघातक ठरतो. ‘रक्ताचे नाते’ या शब्दप्रयोगाचा हा अर्थ भाषेने कधी कल्पिलेला नसेल.

शिबिरांचा हंगाम

महाराष्ट्रात स्वेच्छा रक्तदानाची चळवळ देशात आघाडीवर आहे, हे नि:संशय. तथापि तिच्या पंचांगाचा एकदा विचार व्हावयास हवा. पुढाऱ्यांचे वाढदिवस, जयंत्या व पुण्यतिथ्या, गणेशोत्सव, या दिवशी शिबिरांची गर्दी होते. एप्रिल-मे मध्ये महाविद्यालये ओस पडतात, मंडळी गावी जातात, आणि दरवर्षी ‘रक्ताचा तुटवडा’ ही बातमी पावसाच्या अंदाजाच्या शेजारी छापली जाते. शिबिराच्या दिवशी शेकडो पिशव्या जमा होतात. त्या एकाच दिवशी जन्मल्यामुळे एकाच आठवड्यात म्हाताऱ्याही होतात. अमुक पेढीत आज सर्व रक्त ताजे आणि महिन्याने सर्व जुने, हे निसर्गाने घडविलेले नाही. वाढदिवस टाळता येत नाहीत, हे मान्य. पण शंभर दात्यांपैकी साठांची नावे लिहून घेऊन त्यांना तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने बोलावणे अवघड नाही. त्यात छायाचित्राची सोय कमी, एवढीच अडचण.

तालुक्याच्या ठिकाणी चित्र वेगळे. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतील रक्त साठवण केंद्रे मोठ्या पेढीकडून पिशव्या आणून ठेवतात. तेथील वापर थोडा असल्याने साठा पडून राहतो आणि प्रत्यक्ष वापराच्या वेळी सर्वांत जुने रक्त तेथेच निघण्याचा संभव अधिक. आणि अतिरक्तस्रावाने कोसळलेली बाळंतीण पहिल्यांदा पोचते ती याच ठिकाणी. मुदत अर्धी झाली की पिशव्या जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात, जेथे त्या दोन दिवसांत सावकाश चढणाऱ्या रुग्णांना लागतील, परत पाठवायच्या आणि त्यांच्या जागी नव्या आणावयाच्या, हा फेरा नियमाने चालू राहिला तर पिशवी वाया जात नाही आणि बाळंतिणीच्या वाट्याचा धोकाही कमी होतो. यासाठी लागते ती एक शीतपेट्यांची गाडी आणि नोंदवही. घाईत पिशवी गरम पाण्यात बुडविणे, बारीक सुईतून दाब देऊन रक्त ढकलणे, या गोष्टींनी पेशी फुटतात व त्यांतील सारे पोटॅशियम एकदम मोकळे होते. कोवळ्या पिशवीचाही अशाने घात होतो. हे शिक्षण कर्मचाऱ्यांना देण्यास फार खर्च येत नाही.

पोटॅशियम मोजण्याची सोय मात्र खर्चाची आहे, आणि खरी उणीव तेथेच आहे. पातळी वाढल्यावर करावयाचे उपाय स्वस्त आहेत. कॅल्शियमचे इंजेक्शन, ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, हे कोणत्याही रुग्णालयाच्या कपाटात असते. पण ते द्यावे की नाही, हे सांगणारी प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होत असेल तर रात्री डॉक्टरने अंदाजाने चालावयाचे. रक्तपेढी उभारल्याचे उद्घाटन होते; रात्रपाळीच्या तंत्रज्ञाचे होत नाही. रक्ताच्या वयावर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मी जरी या रिकाम्या खुर्चीवर झाली असती तरी पुष्कळ साधले असते.

सर्वांत स्वस्त उपाय आणखी निराळाच आहे : जी पिशवी लागत नाही ती न देणे. कॅनडात ८३८ अतिगंभीर रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त देण्याचे धोरण हे दहाच्या खाली गेल्यावर देण्याच्या धोरणाहून कमी दर्जाचे ठरले नाही. तीस दिवसांतील मृत्यू एका गटात शेकडा १८.७, दुसऱ्यात २३.३ होते. हृदयविकाराच्या रुग्णांबाबत वेगळा विचार करावा लागतो. तरीही ‘अशक्तपणा आहे, एक पिशवी चढवू या’ ही सवय अजून गेलेली नाही, आणि नातेवाइकांनाही तेच हवे असते. अशा प्रत्येक पिशवीने शीतकपाटातील एक जागा रिकामी होते.

उरतो तो थोड्यांसाठी ताजे रक्त राखून ठेवण्याचा नियम. अर्भकाचे रक्त बदलणे, मूत्रपिंड निकामी असताना मोठ्या प्रमाणात रक्त देणे, आणि एका बैठकीत अनेक पिशव्या चढविणे, या तीन प्रसंगी पेढीने सर्वांत जुनी पिशवी प्रथम काढण्याचा आपला नेहमीचा क्रम सोडून नवी पिशवी द्यावी, किंवा पेशी धुऊन द्याव्यात. इतरांना क्रमानेच मिळावी. नियम ओळखीवर न चालता नोंदीवर चालावा, यासाठी रक्ताच्या मागणीपत्रावर तीन रकाने पुरेत : रुग्णाचे वजन, त्याचे आजचे पोटॅशियम, आणि लघवी होते की नाही. तिसरा रकाना भरण्यास यंत्रही लागत नाही.